बॅटरी दोन सेंटिमीटर पुढे

उन्हाळ्यात हिमायतनगरकडची कपाशीची रानं मोकळी होतात. रिमोटवरचं विमान उडवायला आणखी काय हवं? पण चाळिशीपार ऊन लिथियम-पॉलिमर बॅटरीला सोसत नाही. पुरीसारखी फुगलेली बॅटरी पुन्हा वापरायचीच नाही. म्हणून विमानातला बॅटरीचा खण जरा मोठा करा, नाकाशी हवेला वाट द्या आणि मागचं भोक पुढच्यापेक्षा मोठं ठेवा. नेमकं इथेच बहुतेक जण उलटं करतात, आणि हवा आत कोंडते.

खण वाढवला की बॅटरी सरकते; खरी गंमत तिथे आहे. ७५० ग्रॅमच्या विमानात १५० ग्रॅमची बॅटरी २ सेंटिमीटर पुढे नेली, तर गुरुत्वमध्य ४ मिलिमीटर पुढे जातो. एवढ्यानेही विमानाची चाल बदलते. साध्या सरळ पंखात हा मध्य पुढच्या कडेपासून पंखाच्या रुंदीच्या पंचवीस ते तीस टक्क्यांवर हवा. तो फार मागे गेला, तर विमान शेपटीवर बसतं आणि आवरत नाही.

विमान थर्माकोलचं असेल, तर खण चिकटवायला पेट्रोलियमच्या वासाचा गोंद नको, तो थर्माकोल खातो. पांढरा फेविकॉल बरा. बॅटरी वेल्क्रोने घट्ट बांधा. मग दोन्ही पंखांखाली गुरुत्वमध्याच्या जागी एकेक बोट लावून विमान तोला. नाक किंचित खाली झुकलं, तरच उडवा.