मुलांच्या हाती लागू नये असे कपाट

आपल्या घरांतून कुलूप लावण्याची चाल जुनी आहे. मात्र ते कुलूप बहुधा दागिन्यांच्या पेटीस, रोकडीच्या कपाटास, फार तर धान्याच्या कोठीस लागते. फिनेलची बाटली मोरीच्या कठड्यावर, आजोबांच्या रक्तदाबाच्या गोळ्या खिडकीत, फवारणीचे औषध पडवीच्या कोपऱ्यात आणि कापराची डबी देवघराच्या खालच्या खणात, अशी मांडणी आजही असंख्य घरांत दिसते. चोरापासून जपावयाचे ते बंद आणि मुलापासून जपावयाचे ते उघडे, असा हा प्रकार आहे.

मूल सहा-आठ महिन्यांचे झाले की रांगू लागते व हाती येईल ते तोंडात घालते. वर्षाच्या सुमारास ते ओट्याखालचे दार धरून उभे राहते. दोन-अडीच वर्षांचे मूल पाट किंवा डबा ओढून त्यावर चढते. त्यामुळे "वस्तू उंचावर ठेवली आहे" हे समाधान पुरेसे ठरत नाही. एक ते तीन या वयात मुलास चव कळते, धोका कळत नाही. अपघाती विषबाधेची भीतीही याच वयात अधिक असते.

लाल गोळीचा प्रश्न

रॉकेल, ॲसिड व कीटकनाशके विषारी आहेत हे सर्वांस ठाऊक असते. अधिक विचार करावयास हवा तो घरात औषध म्हणून, किंबहुना शासनाकडूनच, आलेल्या वस्तूंचा. रक्तक्षय टाळण्यासाठी गरोदर मातांना लोह व फॉलिक ॲसिडच्या गोळ्या दिल्या जातात. एका गोळीत ६० मिलिग्रॅम लोह असते व रोज एक याप्रमाणे ती १८० दिवस घ्यावयाची असते. या उपक्रमाची उपयुक्तता वादातीत आहे. परंतु ज्या घरात माता गरोदर, त्याच घरात पहिले मूल पुष्कळदा दीड-दोन वर्षांचे असते. आणि गोळी असते लाल, गुळगुळीत, वर साखरेचा लेप असलेली. मुलास ती गोळी न वाटता खाऊ वाटला तर नवल नाही.

बालकाच्या वजनाच्या दर किलोमागे सुमारे २० मिलिग्रॅम लोह पोटात गेल्यास त्रास सुरू होऊ शकतो; ६० मिलिग्रॅमच्या पुढे जिवास धोका संभवतो. दहा किलो वजनाच्या मुलाचा हिशेब केल्यास तीन-चार गोळ्यांत उलट्या-जुलाब आणि दहा गोळ्यांच्या पुढे प्राणसंकट, असे उत्तर येते. यातील फसवा भाग असा की, पहिल्या काही तासांचा त्रास ओसरून मूल बरे झाल्यासारखे दिसते आणि त्यानंतर त्याची प्रकृती एकाएकी ढासळते. "उलटीत पडून गेले" असे समजून घरी थांबणाऱ्या पालकांची येथेच चूक होते.

आशा कार्यकर्ती गोळ्या देताना त्या केव्हा व कशाबरोबर घ्याव्यात हे सांगते. "त्या घरात कोठे ठेवणार?" हा एक प्रश्न तिने जोडून विचारावा, आणि ग्रामपंचायतीच्या आरोग्य समितीने तो तिच्या कामाचा भाग मानावा, असे सुचवावेसे वाटते.

कापराबद्दल फारसे कोणी बोलत नाही. वस्तुतः लहान मुलाने थोडासा कापूर खाल्ला तरी त्यास झटके येऊ शकतात. देवघराचा खालचा खण त्यासाठी योग्य जागा नव्हे.

कोणती कडी निवडावी

बाजारात हल्ली मुलांसाठी म्हणून निरनिराळ्या प्रकारचे खटके मिळतात. एक दाराच्या आतल्या अंगास बसतो. दार बोटभर उघडते, आतला आकडा चौकटीच्या पट्टीत अडकतो व मोठ्या माणसाने तो बोटाने दाबल्यावरच दार पूर्ण उघडते. दुसऱ्या प्रकारात हा आकडा बाहेरून लोहचुंबक टेकवल्याखेरीज सुटत नाही. जोडदारांच्या दोन्ही मुठींना एकत्र अडकविणारी कडीही मिळते. चिकटपट्टीने लावावयाचे पट्टे स्वस्त व भाड्याच्या घरात सोयीचे. परंतु ओट्याखालच्या ओलीत ते लवकर सुटतात.

निवड करताना एकच कसोटी मुख्य मानावी: दार लोटले की खटका आपोआप लागतो काय? प्रस्तुत लेखकाच्या घरी औषधांच्या फडताळास उत्तम पितळी कोयंडा होता. कुलूप मात्र वर्षानुवर्षे शेजारच्या खुंटीवर लोंबत असे. जी कडी दिवसातून दहा वेळा हाताने लावावी लागते, ती अकराव्या वेळी राहून जाते. म्हणून रोज उघडावयाच्या कपाटास आपोआप लागणारा खटका आणि क्वचित उघडावयाच्या कपाटास कडी-कोयंडा व कुलूप, अशी विभागणी सोयीची पडते. ज्या घरास खटका परवडत नाही, तेथे भिंतीत पक्के बसविलेले, मोठ्यांच्या खांद्याच्या उंचीचे एक लहान लाकडी फडताळ आणि साधे कुलूप पुरे. किल्ली त्याच फडताळाच्या खिळ्यास टांगू नये, हे सांगावे लागते.

बसविण्याचे काम गावचा सुतार तासाभरात करील. स्क्रूसाठी गिरमिटाने आधी बारीक भोक पाडावे, म्हणजे फळी चिरत नाही. फळीच्या जाडीपेक्षा स्क्रू आखूड असावा, नाहीतर टोक पलीकडे निघून हातास लागते. भुशाच्या दाबीव फळीत स्क्रू लवकर ढिले होतात. तेथे आतून लाकडाचा तुकडा द्यावा. कोयंड्याची पट्टी अशी बसवावी की कडी लागल्यावर स्क्रूंची डोकी झाकली जातील. चिकटपट्टी लावण्यापूर्वी जागेवरील तेलकटपणा स्पिरिटने पुसावा व एक दिवस तीवर ताण देऊ नये. सर्व झाल्यावर दार जोराने ओढून पाहावे आणि महिन्याकाठी पुन्हा एकदा पाहावे.

मूल आत मावेल एवढ्या पेटीस किंवा कपाटास मात्र आपोआप लागणारा खटका कदापि बसवू नये. लपंडाव खेळताना मूल आत शिरले व झाकण पडले तर ते आतून उघडता येत नाही. अशी पेटी रिकामी असली तरी तिला बाहेरून कुलूप असावे.

जे घरात नकोच

काही वस्तूंना कुलूप हा उपाय नव्हे. धान्यास कीड लागू नये म्हणून वापरली जाणारी ॲल्युमिनियम फॉस्फाईडची गोळी दमट हवेत विषारी वायू सोडते. राहत्या घरात ती बंद कपाटातही ठेवू नये. शेतीची औषधे घराबाहेरच्या कुलूपबंद खोलीत, मूळ डब्यात व चिठ्ठीसह असावीत. डब्यावरील चौकोनाचा लाल रंग अतिविषारी, तर पिवळा, निळा व हिरवा रंग उतरत्या क्रमाने कमी विषारी द्रव्य दर्शवितो. हे औषध सरबताच्या बाटलीत ओतले की ती खूण नाहीशी होते.

१६ जुलै २०१३ रोजी बिहारच्या सारण जिल्ह्यातील गंडामन गावी शाळेतील मध्यान्ह भोजनानंतर २३ मुले दगावली. स्वयंपाकाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक असल्याचे तपासणीत आढळले. शाळेच्या स्वयंपाकखोलीतील शिधा व खडू-फिनेलचे कपाट यांची जागा शिक्षकांनी स्वतः पाहावी, ती याचसाठी.

इतके करूनही मुलाने काही गिळलेच, तर मिठाचे पाणी पाजून वा घशात बोटे घालून उलटी करवू नये. रॉकेल व ॲसिड यांच्या बाबतीत त्याने अधिकच अपाय होतो. तोंडात राहिलेले काढून टाकावे, १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि बाटली अथवा पाकीट बरोबर न्यावे. गोळ्या असतील तर उरलेल्या मोजून न्याव्यात, म्हणजे किती गेल्या असाव्यात याचा अंदाज डॉक्टरांना तत्काळ बांधता येतो.