हलव्याला काटा कसा येतो?

संक्रांतीच्या आधी, आजऱ्याच्या थंडीत, मंद शेगडीवर परात ठेवून आजी तीळ हलवत बसते. चमचाभर पाक घालायचा, बोटांनी सारखं फिरवायचं, सुकला की पुन्हा पाक. तासन् तास, कधी दोन-तीन दिवस. पाकातलं पाणी उडतं, साखरेचे स्फटिक तिळाला धरतात आणि पुढची साखर आधीच्या उंचवट्यांवर चढत जाते. तोच काटा! पाक जास्त पडला तर दाणे एकमेकांना चिकटतात. आच वाढली तर हलवा पिवळा पडतो. चिक्कीच्या गुळाचं उलट: त्यातले ग्लुकोज-फ्रुक्टोज स्फटिक होऊ देत नाहीत, म्हणून वडी काचेसारखी कडक होते. मला मात्र हलव्याचंच अप्रूप. यंदा वाटीभर तिळांचा हलवा घरी करून पाहा, मुलांना शेजारी बसवून.