नॉर्डिक देशांतील अभ्यासवृत्ती : अर्जाचा आरंभ आपल्या नोंदवहीतून

एम.डी. पूर्ण करून पांढुर्णा-सौंसरला परतलेले तरुण डॉक्टर, आणि कधीकधी त्यांचे आईवडीलही, परदेशातील अभ्यासवृत्तीविषयी माझ्याकडे चौकशी करतात. त्यांचा रोख बहुधा इंग्लंड-अमेरिकेकडे असतो. स्वीडन, नॉर्वे, डेन्मार्क, फिनलंड आणि आइसलंड या पाच नॉर्डिक देशांचा विचार क्वचितच होतो. बालआरोग्य व साथरोगशास्त्र यांत संशोधन करू इच्छिणाऱ्यांनी तो अवश्य करावा, असे माझे मत आहे.

या देशांचे खरे वैभव त्यांच्या नोंदींत आहे. थॅलिडोमाइड या औषधामुळे १९६० च्या सुमारास जगभर हजारो बालके व्यंग घेऊन जन्मली. त्या आघातातून धडा घेऊन नॉर्वेने १९६७ मध्ये देशातील प्रत्येक जन्माची वैद्यकीय नोंद ठेवण्यास प्रारंभ केला. स्वीडनची अशी नोंद १९७३ पासूनची आहे. प्रत्येक नागरिकाला ओळखक्रमांक असल्याने गर्भारपणी आईने घेतलेले औषध आणि मुलाचा पुढील आजार यांचा संबंध तेथे अनेक वर्षांनीही तपासता येतो.

आपल्याला याचे महत्त्व वेगळे सांगावयास नको. २०२५ मध्ये खोकल्याच्या औषधातील डायएथिलिन ग्लायकोलने मूत्रपिंडे निकामी होऊन आपल्या शेजारच्या छिंदवाडा जिल्ह्यातील, मुख्यतः परासिया भागातील, अनेक बालके दगावली. कोणत्या बालकास कोणते औषध, कोणत्या बॅचचे, केव्हा दिले, हा अशा वेळी पहिला प्रश्न असतो. त्याचे उत्तर किती लवकर मिळते, यावर पुढील बालकांचे प्राण अवलंबून असतात.

आता मार्गांविषयी. तेथे रुग्ण तपासावयाचे तर स्थानिक भाषा व परवाना दोन्ही लागतात. म्हणून आपल्याला सुकर वाट संशोधनाची. पहिला मार्ग सार्वजनिक आरोग्यातील पदव्युत्तर अभ्यासक्रमाचा. युरोपीय संघाबाहेरील विद्यार्थ्यांना डेन्मार्कने २००६, स्वीडनने २०११, फिनलंडने २०१७ आणि नॉर्वेने २०२३ पासून शुल्क लावले आहे. त्यामुळे प्रवेशाबरोबरच शिष्यवृत्तीचाही अर्ज करावा लागतो. स्वीडनमध्ये शरद ऋतूतील प्रवेशासाठी अर्जाची मुदत सामान्यतः जानेवारीच्या मध्यास संपते.

दुसरा मार्ग पीएच.डी.चा. स्वीडन, नॉर्वे व डेन्मार्क येथे पीएच.डी. ही बहुतांशी पगारी नोकरीच असते. जागांची जाहिरात निघते आणि शिक्षणशुल्क नसते. कालावधी स्वीडनमध्ये चार वर्षे, इतर दोन देशांत साधारण तीन वर्षे. तिसरा मार्ग पीएच.डी.नंतरचा. युरोपीय संघाची मारी स्क्लोडोव्स्का-क्युरी अभ्यासवृत्ती कोणत्याही देशाच्या नागरिकास खुली आहे. परंतु ती केवळ एम.डी.च्या बळावर मिळत नाही.

मात्र या साऱ्यांत निर्णायक ठरतो तो संशोधनाचा प्रश्न. आपल्याच राज्यात उज्जैनच्या आर. डी. गार्डी वैद्यकीय महाविद्यालयाने स्टॉकहोमच्या कारोलिन्स्का संस्थेसह दीर्घकाळ काम केले आहे. अतिसाराच्या बालकांना प्रतिजैविके किती व का लिहिली जातात, हा त्यांतील एक विषय. प्रश्न उज्जैनचा, रुग्ण उज्जैनचे, आणि पीएच.डी. स्टॉकहोमची! भारतीय बनावटीच्या रोटाव्हायरस लसीच्या चाचणीत सुमारे ६,८०० बालके होती; पुण्याजवळील वढू हे त्यातील एक केंद्र, तर अर्थसाहाय्य करणाऱ्यांत नॉर्वेची संशोधन परिषदही होती. ही लस २०१६ मध्ये राष्ट्रीय लसीकरणात आली.

आपल्याकडे असे प्रश्न थोडे नाहीत. सिकलसेलग्रस्त बालकांपैकी किती जण नियमित उपचारावर टिकतात? पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीवरील गोटमारीत डोक्यास मार लागलेल्यांचे पुढे काय होते? यांतील एकाची जरी वर्षभर नीट नोंद झाली, तरी प्रस्तावाचा पाया तयार होतो.

तेव्हा क्रम असा ठेवावा. प्रथम एकच प्रश्न निवडावा. छिंदवाडा, नागपूर किंवा सेवाग्राम येथील वैद्यकीय महाविद्यालयातील सहकारी जोडून नैतिकता समितीची मान्यता घ्यावी आणि मगच संशोधनासाठी माहिती गोळा करावी. वय, वजन, गाव, निदान, औषध व त्याचा बॅच क्रमांक आणि परिणाम एवढे रकाने आरंभी पुरेसे आहेत. त्यानंतर त्या विषयावर लिहिणाऱ्या नॉर्डिक प्राध्यापकांचे शोधनिबंध वाचून त्यांना एका पानाचे पत्र पाठवावे. सर्वांना तेच पत्र पाठविल्यास ते लगेच ओळखू येते. गुणपत्रिका, इंग्रजीच्या परीक्षेचा निकाल आणि दोन शिफारसपत्रे आधीच तयार असावीत. परदेशी संस्थेसह प्रत्यक्ष संशोधन ठरल्यास आयसीएमआरमार्फत आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीची मान्यता लागते. तिला वेळ लागतो, हे ध्यानी ठेवावे.

अर्ज फेटाळला गेला, तरी ही वही वाया जात नाही. पांढुर्णा आणि सौंसर मिळून २०२३ मध्ये आपला स्वतंत्र जिल्हा झाला. या नव्या जिल्ह्याच्या बालकांची नोंद आपणच ठेवावयाची आहे. आपल्या संघटनेच्या सभासदांनी एकसारख्या रकान्यांची वही स्वीकारावी, अशी माझी नम्र सूचना आहे. तरुण मित्रांना मनःपूर्वक शुभेच्छा!