आडवाटेवरचा मराठवाडा : माळेगाव ते देवणी

नांदेडहून लातूरला हमरस्त्याने जाणाऱ्या प्रवाशास या प्रदेशाचे वेगळेपण सहसा जाणवत नाही. त्यासाठी कंधार, मुखेड, देगलूर, उदगीर अशी आडवाट धरावयास हवी.

मार्गशीर्षात लोहा तालुक्यातील माळेगाव येथे खंडोबाची यात्रा भरते. घोडे, उंट, गाढवे आणि गुरे यांचा बाजार हे तिचे वैशिष्ट्य. तेथे येणारी लाल कंधारी गुरे याच परिसरातली. हमरस्ता सोडून कंधारकडे वळले, की खंदकाने वेढलेला भुईकोट किल्ला लागतो. राष्ट्रकूटकाळी हे वैभवशाली नगर होते. ‘जगत्तुंगसमुद्र’ हा जलाशय त्या काळाची साक्ष देतो.

देगलूरनजीक होट्टल येथे कल्याणीच्या चालुक्यांच्या काळातील मंदिरे आहेत. नांदेड जिल्ह्यातील अनेक प्राचीन शिलालेख कन्नड भाषेत आहेत. रित्ती व शेळके यांनी या जिल्ह्यातील कोरीव लेखांचा संग्रह १९६८ मध्ये प्रसिद्ध केला. आजही देगलूर भागात मराठीबरोबर तेलुगू, कन्नड आणि उर्दू कानी पडतात.

याचे कारण इतिहासात आहे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा सारा मुलूख निजामाच्या राज्यात होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषावार प्रांतरचना झाली, तेव्हा उदगीर, अहमदपूर व निलंगा हे बीदर जिल्ह्यातील तालुके उस्मानाबाद जिल्ह्यास जोडण्यात आले. १९८२ मध्ये ते नव्या लातूर जिल्ह्यात आले. सीमा बदलल्या, तरी सोयरिकी, बाजारहाट आणि यात्रा यांचे धागे तुटले नाहीत. १७६० मध्ये मराठे व निजाम यांच्यातील लढाई पाहिलेल्या उदगीरच्या पुढे देवणी लागते. बाळंक्या, वानेरा व शेवरा अशा तीन प्रकारांत ओळखले जाणारे देवणी गोवंश सीमेपलीकडे बीदर भागातही जोपासले जाते.

हा वारसा केवळ किल्ल्यांत वा मंदिरांत नाही. गावच्या पाराखालची कोरीव शिळा, जुनी बारव, गोठ्यातील जातिवंत वळू हीदेखील त्याचीच अंगे आहेत. शिळा बांधकामात गेली, की तिच्यावरील लेख कायमचा हरवतो. ट्रॅक्टर आला, की बैलाची गरज घटते आणि वंश विरळ होतो. शिक्षकांनी विद्यार्थ्यांकरवी गावातील शिळा, बारवा व म्हातारीकोतारींच्या तोंडची गाणी यांची नोंदवही करावी. ग्रामपंचायतींनी ती दप्तरी जतन करावी आणि शिळा हलविण्यापूर्वी पुरातत्त्व विभागास कळवावे. या कामास खर्च अल्प, परंतु आस्था मात्र पुष्कळ लागते.