ल्योंमध्ये सहा जेवणं: आधी प्रश्न, मग ठिकाणांची यादी

मागच्या महिन्यात एका ज्युनिअरचा मेसेज आला, "ताई, ग्रेनोबलच्या कॉन्फरन्सनंतर शनिवार, रविवार, सोमवार ल्योंला राहणार आहे. फ्रेंच जेवण नीट अनुभवायचंय. यादी बघशील का?" ल्यों म्हणजे आपल्याकडे बऱ्याचदा लिऑन असं लिहिलं जाणारं शहर. यादी उघडली, तर एक्सेलमध्ये ३४ रेस्टॉरंट्स! रंग भरलेले, रेटिंग लावलेले.

मला माझी पीएचडीची पहिली सिनॉप्सिस आठवली. त्यातही असंच सगळं होतं, फक्त प्रश्न नव्हता.

तीन दिवस म्हणजे दुपारची तीन आणि रात्रीची तीन जेवणं. तुमचा नमुना सहाचा आहे. फेलोशिपच्या पैशातून गेलात तर त्यातलीही दोन-तीनच बसून, निवांत होतील. म्हणून ही ट्रिप कशी आखली ते आज सविस्तर सांगते. रिसर्च प्लॅन लिहिताना हाच क्रम उपयोगी पडतो.

पायरी १: प्रश्न ठरवा

"फ्रेंच जेवण खायचंय" हा विषय झाला, प्रश्न नव्हे. प्रश्न काढायचा तर आधी थोडं वाचावं लागतं.

ल्यों रोन आणि सोन या दोन नद्यांच्या संगमावर आहे. जवळच ब्रेसची प्रसिद्ध कोंबडी, दोंबच्या तळ्यांतले मासे, बोजोलेची वाईन, दोफिनेचं दूध आणि चीज. म्हणजे कच्चा माल दाराशी. पण शहराची चव घडवली ती दोन प्रकारच्या लोकांनी. एक, क्र्वा-रूस टेकडीवरचे रेशीम विणकर, ज्यांना 'कान्यू' म्हणत. पहाटेपासून माग चालवून सकाळी ते भरपेट खात. त्या न्याहारीला 'माशों' म्हणतात. परवडायचं ते स्वस्त मांस, म्हणून आतडी, कोथळा, सॉसेज. दुसऱ्या, 'मेर' म्हणजे आया. श्रीमंत घरांत स्वयंपाक करणाऱ्या या बायकांनी पुढे स्वतःच्या खानावळी काढल्या. त्यांतल्या यूजेनी ब्राझिये यांनी १९२१ मध्ये रेस्टॉरंट सुरू केलं आणि १९३३ मध्ये त्यांच्या दोन रेस्टॉरंट्सना मिशलिनचे प्रत्येकी तीन तारे मिळाले. जगप्रसिद्ध शेफ पॉल बोक्यूज तरुणपणी त्यांच्याच स्वयंपाकघरात काम करत होते.

आता प्रश्न तयार झाला: कामगारांचं आणि घरगुती बायकांचं जेवण आज या शहरात कुठे आणि कसं दिसतं? हा प्रश्न लावल्याबरोबर ३४ पैकी २५ ठिकाणं गळाली. सुशी, बर्गर, रूफटॉप, सगळं बाहेर. प्रश्नाचा उपयोग हाच असतो. काय घ्यायचं ते तो सांगतोच, पण काय सोडायचं तेही सांगतो.

पायरी २: मर्यादा आधी लिहा

इथे माझी फजिती सांगते. मी स्वतः ल्योंला पहिल्यांदा गेले ती रविवारी संध्याकाळी, हातात छान यादी घेऊन. एकामागून एक शटर बंद! शेवटी स्टेशनवरचं थंडगार सँडविच खाल्लं. दुसऱ्या दिवशी सोमवार. भीत भीत दुपारी तीनला एका उघड्या दारातून आत डोकावले, तर किचन बंद. रेस्टॉरंट्सचा दोष काहीच नव्हता. मी त्यांचं घड्याळ वाचलं नव्हतं.

ते घड्याळ असं: दुपारचं जेवण साधारण १२ ते २, रात्रीचं साडेसातनंतर. मधल्या वेळेत बहुतेक किचन बंद. रविवारी रात्री आणि सोमवारी बरीच ठिकाणं बंद असतात आणि ऑगस्टमध्ये अनेक जण आठवडे-आठवडे सुट्टीवर जातात. बाजार सकाळी भरतात आणि दुपारपर्यंत उठतात. शिवाय दुपारचा स्वस्त ठरीव मेनू बहुतेक ठिकाणी फक्त कामाच्या दिवशी मिळतो.

ज्युनिअरचे दिवस नेमके शनि, रवि, सोम, म्हणजे सगळ्यात अवघड. तारखा बदलता येत नव्हत्या. मग प्लॅन बदलायचा. लॅबमध्ये मशीनचा स्लॉट रात्री दोनलाच मिळणार असेल, तर प्रयोग रात्री दोनला बसेल असा आखतो ना, तसंच.

पायरी ३: शब्दांचे अर्थ पक्के करा

फ्रान्समध्ये 'मेनू' म्हणजे ठरीव किमतीचं दोन-तीन पदार्थांचं जेवण. आपण ज्याला मेनूकार्ड म्हणतो ते 'कार्त'. 'ऑन्त्रे' म्हणजे सुरुवातीचा पदार्थ, मुख्य नव्हे. 'प्ला द्यू जूर' म्हणजे आजचा पदार्थ, बहुतेकदा सगळ्यात परवडणारा. 'कराफ दो' मागितलं की नळाचं पाणी फुकट मिळतं. नुसतं पाणी म्हटलं तर बाटली येऊ शकते आणि तिचे पैसे लागतात. सर्व्हिसचे पैसे छापील किमतीत धरलेले असतात, त्यामुळे टीप सक्तीची नाही.

'बुशों' म्हणजे ल्योंची छोटी पारंपरिक खानावळ. तिथली कार्त वाचताना हे लक्षात ठेवा: 'आंदुयेत' हे आतड्यांचं सॉसेज, 'ताब्लिये द सापर' म्हणजे कोथळ्याचा तुकडा पावाच्या चुऱ्यात घोळवून तळलेला. 'केनेल' हा मऊ, लांबट गोळा बहुतेकदा पाइक माशाचा असतो.

शाकाहारी मंडळींनो, इथे खास लक्ष द्या. 'सालाद ल्योनेज' हे नाव निरागस वाटतं, पण त्यात डुकराच्या मांसाचे तुकडे म्हणजे 'लार्दों' असतात. 'सां लार्दों' म्हणजे लार्दोंशिवाय, असं सांगता येतं. पोच्ड अंडं मात्र राहतंच. कित्येक फ्रेंच चीजमध्ये वासराच्या जठरातलं रेनेट असतं. कट्टर शाकाहारी असाल तर चीजबद्दल दुकानात विचारूनच घ्या. नाव पाहून आत काय आहे ते गृहीत धरू नका.

पायरी ४: आराखडा

शनिवार दुपार: बुशों, आधी टेबल बुक करून. शनिवारी दुपारी उघडं आहे ना, हे फोनवर किंवा मेलवर विचारून. ज्युनिअर मासे खाते, म्हणून केनेल, आणि शेवटी गुलाबी प्रालीनचा टार्ट. ट्रिपचा मुख्य खर्च इथेच. रात्री फक्त सूप आणि पाव.

रविवार सकाळ: मेट्रोच्या सी लाइननं क्र्वा-रूस. तिथल्या बुलेव्हारवर बाजार भरतो. मागासाठी बांधलेली उंच छतांची विणकरांची घरंही इथलीच. दुपारच्या आत 'ले आल पॉल बोक्यूज' या बंदिस्त बाजारात. तिथे काउंटरवर बसून थोडंसं खायचं आणि रात्रीसाठी सें-मार्सेलें चीज घ्यायचं. सोबत 'सर्वेल द कान्यू', शब्दशः विणकराचा मेंदू! प्रत्यक्षात ते ताज्या चीजमध्ये लसूण, छोटे कांदे आणि हिरव्या पानांचे तुकडे कालवलेलं असतं. आपल्या घट्ट दह्याच्या कोशिंबिरीची आठवण येते.

रविवार रात्र: बहुतेक ठिकाणं बंद, म्हणून खोलीवर तेच चीज, पाव आणि फळं. बंद शहराचा इथे फायदा झाला, बजेट वाचलं.

सोमवार दुपार: आठवडाभर उघडी राहणारी मोठी ब्रासरी. पेराश स्टेशनजवळची १८३६ ची ब्रासरी जॉर्ज हे चांगलं उदाहरण. रात्र मोकळी ठेवली. जे आवडलं ते परत खायला किंवा जे हुकलं ते पकडायला. आराखड्यात एक रिकामी जागा हवीच.

पायरी ५: नोंदी, त्याच दिवशी

काय खाल्लं, किती वाजता, किती पैसे, कोणती चव अनपेक्षित होती. चार ओळी पुरे, पण झोपण्याआधी. फोटोत चव येत नाही.

एक गोष्ट राहिली. तिच्या यादीत सगळ्यात वर तारांकित रेस्टॉरंट होतं, तेच आम्ही कापलं. तिला फार वाईट वाटलं. पण त्या एका जेवणात बाकीची पाच गेली असती आणि प्रश्नाचं उत्तरही अर्धंच मिळालं असतं. परत आल्यावर तिनं मला नोंदवहीच्या पानाचा फोटो पाठवला. सोमवार रात्रीच्या रिकाम्या जागेत लिहिलं होतं: "परत सर्वेल द कान्यू. या वेळी लसूण जास्त."

तुमच्या पुढच्या प्लॅनमध्ये ३४ गोष्टी असतील, तर आधी मोजा: जेवणं किती आहेत?