अमावास्येची तिथी आणि व्हिसाची तारीख

खातेगाव हे नाव बेळगाव-खानापूर-निपाणीकडच्या आपल्या वाचकांनी क्वचितच ऐकले असेल. मध्य प्रदेशात देवास जिल्ह्यात, इंदूरहून बैतूलकडे जाणाऱ्या हमरस्त्यावरचे हे तालुक्याचे गाव. तिथून पंधराएक किलोमीटरवर नेमावर आहे, नर्मदेचा घाट आहे आणि घाटावर सिद्धेश्वराचे जुने देऊळ आहे. देवास म्हटले की मात्र आपल्याला लगेच कुमार गंधर्व आठवतात. सुळेभावीचा हा कानडी मुलगा १९४८ साली प्रकृतीसाठी देवासला गेला आणि पुढे तिथलाच झाला. १९९२ साली त्यांनी देह ठेवला तोही देवासलाच.

माझ्या धाकट्या मावसबहिणीला खातेगावचे स्थळ आले तेव्हा तिच्या अप्पांनी हाच दाखला दिला होता. "सुळेभावीहून देवासला जाता येते, तर टिळकवाडीहून खातेगावला जायला काय हरकत आहे?" अप्पा मूळचे बैलहोंगलकडचे, घरात कानडी बोलणारे, मावशी मराठी. खातेगावचे घरही मराठीच, पण चार पिढ्या माळव्यात काढल्यामुळे वाक्याची सुरुवात मराठीत आणि शेवट हिंदीत करणारे. लग्नात तिन्ही भाषांचा गोंधळ झाला आणि सगळ्यांना सगळे कळले.

मुलगा इंदूरला इंजिनीअर झालेला, पुण्याला सॉफ्टवेअरमध्ये. लग्नानंतर थोड्याच दिवसांनी, २०१३ साली, एच-वन-बी व्हिसावर अमेरिकेत गेला. आज त्यांची मुलगी आठ वर्षांची आहे, जन्म डलासचा. आजीशी मराठी, बेळगावच्या अज्जाशी मोडकेतोडके कानडी आणि बाकी जगाशी इंग्रजी बोलते.

आमच्या या जावयांचे वडील २०२४ साली खातेगावला गेले. मुलगा पोहोचला तो तिसऱ्या दिवशी. वर्षश्राद्धालाही रजा मिळाली नाही, ते चुलत्यांनी केले. म्हणून २०२५ च्या पितृपक्षात तरी आपल्या हाताने पिंड ठेवायचे असे ठरवून ते एकटेच आले. वडिलांची तिथी चतुर्दशी. चतुर्दशीला गेलेल्यांचा महालय अमावास्येला करतात, आणि ती सर्वपित्री अमावास्या २१ सप्टेंबरला, रविवारी होती. नेमावरच्या घाटावर गुरुजी सांगून ठेवले होते.

शनिवारी पहाटे फोन वाजायला लागले. अमेरिकेच्या अध्यक्षांनी शुक्रवारी, १९ सप्टेंबरला, एका हुकमावर सही केली होती. एच-वन-बी व्हिसासाठी यापुढे एक लाख डॉलर भरावे लागणार, म्हणजे तेव्हाच्या भावाने ८८ लाख रुपयांच्या आसपास, आणि अंमल २१ तारखेला मध्यरात्री बारा वाजून एक मिनिटाने सुरू. न्यूयॉर्कची ती वेळ म्हणजे आपली रविवारची सकाळ, साडेनऊ. हुकूम नव्या अर्जांना लागू की आधीपासून तिथे राहणाऱ्यांनाही, हे त्या रात्री कुणालाच नीट सांगता येत नव्हते. मोठमोठ्या कंपन्यांनी आपल्या माणसांना एकच निरोप धाडला: बाहेर असाल तर मुदतीच्या आत परत या, आत असाल तर देश सोडू नका. अमेरिकेतल्या काही विमानतळांवर लोक बसलेल्या विमानातून खाली उतरले. त्यात दिवाळी-नवरात्रासाठी गावी निघालेले आपले लोकच जास्त होते.

खातेगावच्या ओसरीवर तेव्हा काय चालले असेल ते मी विहीणबाईंच्या तोंडून ऐकले आहे. एकीकडे उद्याच्या वड्यांची डाळ भिजत घातलेली, दुसरीकडे चुलते कागदावर तास मांडताहेत. खातेगाव ते इंदूर सव्वाशे किलोमीटर, तीन तास तरी हवेत. इंदूरहून मुंबई. मुंबईहून अमेरिकेला थेट विमान मिळाले तरी पंधरा-सोळा तास, आणि ती विमाने बहुधा रात्री सुटणारी. कुठूनही मांडा, रविवारचे साडेनऊ चुकतच होते. तरीही ते निघाले. कंपनीच्या वकिलाने सांगितले होते की निघालेले तरी दिसले पाहिजे. तिकीट एरवीच्या तिपटीने पडले.

शनिवारी उशिरा रात्री, ते मुंबईच्या विमानतळावर रांगेत असताना, व्हाइट हाउसकडून खुलासा आला की हे पैसे फक्त नव्या अर्जांसाठी, एकदाच भरायचे; ज्यांच्याकडे व्हिसा आहे त्यांच्या येण्याजाण्याला बाध नाही. म्हणजे जाण्याची गरजच नव्हती. पण मागे फिरून नेमावर गाठायला आता वेळ उरला नव्हता. रविवारी घाटावर चुलत्यांनीच पिंड ठेवले. बेळगावकडे आपण या दिवसाला महालय अमावास्या म्हणतो. त्या दिवशी टिळकवाडीतही पान वाढले होते, आणि मावशी म्हणाली, "जावई आत्ता कुठे असतील गं? आकाशातच ना?"

कुणी म्हणेल, एका श्राद्धाचे काय एवढे! लाख डॉलर भरावे लागले नाहीत, नोकरी गेली नाही, मग नुकसान काय झाले? मला वाटते नुकसान इथेच मोजायला हवे. कायद्याने गेलेल्या, कर भरणाऱ्या, बारा वर्षांत वाहतुकीचा सिग्नलही न मोडलेल्या माणसाला एका रात्रीत कळते की आपला पाय अजून जमिनीला लागलेला नाही.

असे का होते हे समजायला रांगेचा हिशेब पाहावा लागतो. १९९० च्या कायद्याने एच-वन-बी हा व्हिसा आला, वर्षाला ६५ हजारांचा. संगणकाच्या तेजीत तो आकडा २००१ ते २००३ या वर्षांसाठी १ लाख ९५ हजारांपर्यंत वाढवला होता. पुढे तो पुन्हा ६५ हजारांवर आला, आणि तिथल्या विद्यापीठाची वरची पदवी असलेल्यांना वेगळे २० हजार मिळाले. हा व्हिसा तीन वर्षांचा, वाढवून सहा. त्यानंतर कायम राहायचे तर ग्रीन कार्ड. नोकरीवरून मिळणारी ग्रीन कार्डे वर्षाला साधारण १ लाख ४० हजार, आणि त्यात कुठल्याही एका देशाचा वाटा ७ टक्क्यांच्या मर्यादेत. आइसलँड असो की भारत, मर्यादा तीच. एच-वन-बी मंजूर होणाऱ्यांत मात्र सत्तर टक्क्यांवर भारतीय. आत यायचा दरवाजा मोठा आणि आतल्या खोलीचा दरवाजा बोळकांडीएवढा, मग मधल्या ओसरीत गर्दी होणारच. आमच्या जावयांचा अर्ज २०१६ चा. २०२५ च्या अखेरीस त्यांच्या रांगेत २०१३ च्या अर्जांचा नंबर चालू होता. आता हे अंतर तीन वर्षांचे दिसते, पण मध्ये इतकी माणसे उभी आहेत की तीन वर्षांत नंबर लागेल असे कुणीही वकील म्हणत नाही.

चिकोडीत जन्मलेले आणि बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार आपल्या सर्वांना ठाऊक आहेत. १९७९ साली ते शिकायला अमेरिकेत गेले, १९८८ साली तिथले नागरिक झाले, आणि २०२३ च्या जानेवारीत मिशिगनमधून अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात जाऊन बसले. जाण्यापासून नागरिक होईपर्यंत नऊ वर्षे. आमच्या जावयांचे एक तप उलटले तरी साधे ग्रीन कार्ड नाही. हुशारीत किंवा कष्टात आजची पिढी कमी पडते असे नाही. त्यांच्या वेळी भारतीयांची ही रांगच नव्हती. ती खरी तुंबली २००५ पासून.

मधल्या काळातली एक गोष्ट मला फार आवडते. २००७ च्या जूनमध्ये अमेरिकी सरकारने जाहीर केले की जुलैत जवळजवळ सर्व नोकरदारांचे ग्रीन कार्डचे अर्ज घेऊ. लोकांनी धावपळ करून डॉक्टरी तपासण्या केल्या, रजा घेतल्या, काहींनी बायकामुलांना भारतातून बोलावून घेतले. आणि २ जुलैला सांगितले की यापुढे अर्ज घेणार नाही. तेव्हा 'लगे रहो मुन्नाभाई' येऊन वर्षही झाले नव्हते. आपल्या पोरांनी गांधीगिरी केली आणि व्हिसा खात्याच्या प्रमुखाला शेकडो पुष्पगुच्छ पाठवले. त्यांनी ती फुले जखमी सैनिकांच्या इस्पितळांत पाठवली. आठवड्याभरात, १७ जुलैला, सरकारने निर्णय फिरवला आणि १७ ऑगस्टपर्यंत अर्ज घेतले. आज कुणी फुले पाठवील आणि कुणी ऐकेल असे मला वाटत नाही.

दुसरी बाजूही लिहायला हवी. कुणाला घरात घ्यायचे हे त्या देशाने ठरवायचे, त्यात आपण तक्रार काय करणार? शिवाय गैरप्रकार आपल्यापैकी काहींनीही केले. व्हिसाची सोडत निघते म्हणून एकाच उमेदवाराची नावे चार-चार कंपन्यांकडून टाकण्याचा प्रकार इतका वाढला की २०२३ साली नोंदणीचा आकडा ७ लाख ८० हजारांवर गेला. २०२४ पासून माणसागणिक एकच चिठ्ठी धरू लागले तेव्हा तो आकडा एकदम खाली आला. आता २०२६ पासून जास्त पगाराच्या नोकरीला सोडतीत जास्त चिठ्ठ्या असा नियम झाला आहे. म्हणजे अनुभवी माणसाचे फावेल आणि नुकत्याच पदवी घेतलेल्या मुलाचे अवघड होईल. ज्यांनी शिक्षणासाठी घर गहाण टाकून कर्ज काढले आहे अशी घरे आपल्याकडे बेळगाव, हुबळी, कोल्हापुरात किती आहेत ते तुम्ही जाणताच.

विलायतेकडे वळावे तर तिथेही तेच. कुशल कामगाराच्या व्हिसासाठी पगाराची किमान अट २०२४ च्या एप्रिलमध्ये २६,२०० पौंडांवरून एकदम ३८,७०० झाली आणि २०२५ च्या जुलैत ४१,७००. पूर्वी, २००६ साली, आधीच येऊन राहिलेल्या कुशल लोकांनाही नवे नियम लावले गेले होते. तेव्हा त्या लोकांच्या मंचाने न्यायालयात जाऊन २००८ साली निकाल आपल्या बाजूने मिळवला. खेळ सुरू झाल्यावर नियम बदलू नका, एवढेच त्यांचे म्हणणे होते.

आता बहिणीचे. नोव्हेंबरात अप्पांची बायपास ठरली. ती मुलीला घेऊन बेळगावला आली. तिच्या व्हिसाच्या शिक्क्याची मुदत नुकतीच संपली होती, पण डिसेंबरातल्या मुंबईच्या मुलाखतीची तारीख हातात होती. जानेवारीत शाळा सुरू व्हायच्या आत परत, असा बेत. तेवढ्यात १५ डिसेंबरपासून या व्हिसावाल्यांचे फेसबुक-इन्स्टाग्रामही तपासायचे असा नियम आला. एकेका अर्जाला जास्त वेळ, म्हणून भारतातल्या कितीतरी मुलाखती सरळ पुढच्या महिन्यांत ढकलल्या गेल्या. बहिणीची गेली मार्चमध्ये. तिला तिथे काम करायची परवानगी आहे, पण ते काम इथून करायला कंपनी तयार नाही. तिने बिनपगारी रजा घेतली. मुलगी अमेरिकेची नागरिक, तिला कुणी अडवत नाही. पण आठ वर्षांच्या पोरीला एकटीला विमानात कसे बसवायचे?

तर आता टिळकवाडीच्या माडीवर रात्री आठनंतर डलासची शाळा भरते. सकाळी डोळे तांबारलेले. अज्जा खाटेवरून "ऊट आयता?" म्हणतो, ती "आयतु" म्हणते आणि पुन्हा झोपते. अप्पांना एका परीने बरेच वाटते आहे, पण ते उघड बोलायची सोय नाही.

ज्यांच्या घरचे कुणी तिकडे आहे त्यांनी एवढे करावे. येण्याआधी शिक्क्याची मुदत पाहावी. मंजुरीचा कागद आणि व्हिसाचा शिक्का या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे घरातल्या वडीलधाऱ्यांनीही समजून घ्यावे, म्हणजे "लग्नाला येत का नाही" म्हणून रुसवे होणार नाहीत. मुलाखत कोणत्याही दुसऱ्या देशात जाऊन उरकायची सोय २०२५ च्या सप्टेंबरपासून राहिलेली नाही. नोकरी सुटली तर दुसरी शोधायला साधारण ६० दिवस असतात, तेव्हा तिकडून फोन आला नाही तर लगेच घाबरू नये. पोरे त्या वेळी अर्ज करण्यात गुंतलेली असतात. आणि तारीख लवकर मिळवून देतो म्हणणाऱ्या एजंटाला एक रुपयाही देऊ नये.

विहीणबाईंचा परवा फोन आला होता. नेमावरच्या गुरुजींनी पुढच्या महालयाचे विचारले आहे, किती पाने, करणार कोण. त्यांनी संकल्पासाठी चुलत्यांचे नाव सांगितले, आणि मग थांबून म्हणाल्या, मुलाचेही लिहून ठेवा, आलाच तर.