दुर्बिणीतून रिकिबीची शस्त्रक्रिया : ऐकू किती येतं?

एसटीच्या खडखडाटात समोरच्याचं बोलणं नीट कळतं आणि शांत खोलीत मात्र निसटतं, अशी तक्रार ऐकली की कानाच्या डॉक्टरांना ओटोस्क्लेरोसिसची शंका येते. गोंगाटात सगळेच आवाज चढवून बोलतात आणि तो गोंगाट या रुग्णाच्या कानात फारसा शिरत नाही, म्हणून असं होतं.

कानाच्या पडद्यामागे हातोडी, ऐरण आणि रिकीब अशी तीन हाडं असतात. रिकीब शरीरातलं सर्वांत लहान हाड, जेमतेम 3 मिलिमीटर उंचीचं. या आजारात तिच्या तळाशी नवं हाड वाढून ती जखडते आणि आवाज आतल्या कानापर्यंत नीट पोहोचत नाही. कान वाहत नाही, दुखत नाही, पडदाही शाबूत. त्यामुळे दुखणं वर्षानुवर्षं अंगावर काढलं जातं. त्यातही बायकांकडून अधिक, कारण हा आजार त्यांच्यात जास्त आढळतो.

1956 साली अमेरिकेत डॉ. जॉन शे यांनी रिकीब काढून तिच्या जागी टेफ्लॉनची कृत्रिम रिकीब बसवली. आज बहुतेकदा रिकिबीच्या तळाला बारीक भोक पाडून त्यात अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाडीचा पिस्टन सोडतात आणि त्याचं दुसरं टोक ऐरणीला अडकवतात.

अडचण असते ती तिथवर नजर पोहोचण्याची. पडदा उचलला तरी कानाच्या नळीच्या कडेचं हाड आड येतं. मायक्रोस्कोप सरळ रेषेतच पाहतो, म्हणून ते कोरावं लागतं. शिवाय जिभेला चव देणारी नस वाटेतच आडवी असते. दुर्बीण नळीतून थेट आत जाते. हाड कमी कोरावं लागतं, नस कमी ताणली जाते आणि नंतर तोंडाला धातूसारखी चव येण्याचा त्रासही कमी होतो. मात्र सर्जनचा एक हात दुर्बीण धरण्यातच गुंततो आणि मॉनिटरवरच्या सपाट चित्रावरून खोलीचा अंदाज घ्यावा लागतो. त्याला सराव लागतो.

आता ऐकण्याचं. ऑडिओग्रामवर आवाज हवेतून किती ऐकू येतो आणि हाडातून किती, हे वेगवेगळं मांडलेलं असतं. शस्त्रक्रियेनंतर या दोहोंतलं अंतर 10 डेसिबलच्या आत आलं, तर ती यशस्वी मानतात. अनुभवी हातांत दहांपैकी सुमारे नऊ जणांना हे साधतं, आणि मायक्रोस्कोप व दुर्बीण यांची तुलना केली असता ऐकण्याचे निकाल जवळपास सारखेच आले आहेत. म्हणजे दुर्बीण वापरली म्हणून जास्त ऐकू येईल, ही समजूत चूक आहे. शंभरात साधारण एकाचा कान कायमचा बहिरा होऊ शकतो, हा धोकाही दोन्हीकडे आहे. म्हणूनच आधी जास्त बिघडलेल्या कानाला हात लावतात. ज्यांना धोका नको, त्यांच्यासाठी श्रवणयंत्र हा चांगला पर्याय आहे.

तेव्हा डॉक्टरांना यंत्राचं नाव विचारण्याआधी, त्यांच्या किती रुग्णांचं अंतर 10 डेसिबलच्या आत आलं, ते विचारा. शस्त्रक्रियेआधीचा आणि नंतर दोन-तीन महिन्यांनी काढलेला, असे दोन्ही ऑडिओग्राम मागून घ्या आणि जपून ठेवा.